मुशीत टाकण्याआधी

मृग लागायच्या सुमारास दुकानात गर्दी होते, पण ती दागिने घ्यायला आलेल्यांची नसते. बियाण्याच्या बॅगा, खत, ट्रॅक्टरचं भाडं यासाठी रोकड हवी असते आणि पीककर्ज अजून हातात पडलेलं नसतं. मग ट्रंकेच्या तळातून, कणगीमागच्या गाडग्यातून, देवघरातल्या डबीतून चांदीची नाणी बाहेर येतात. ढाणकीच्या बाजारात आमचं सोनारकामाचं दुकान आजोबांपासूनचं आहे. गावातली माणसं, आजूबाजूचे तांडे, बिटरगावकडची जंगलाच्या काठची गावं आणि पैनगंगा ओलांडून हिमायतनगरच्या बाजूनं येणारे लोक, असं आमचं गिऱ्हाईक. रुमालाची गाठ सोडून नाणी गादीवर ओतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, काय भाव चालू हाये चांदीचा?"

भाव मी सांगतो. तो आता प्रत्येकाच्या फोनवरही दिसतो. पण चांदीचा भाव कळला म्हणजे नाण्याची किंमत कळली असं होत नाही, आणि माझं काम तिथून पुढे सुरू होतं. नाणं एकदा मुशीत गेलं की त्यावरचं साल, छाप, टांकसाळीची खूण, सगळं रव्यात मिसळून जातं. म्हणून नाणं आधी वाचायचं, मग तोलायचं आणि वितळवायचा विषय सगळ्यात शेवटी काढायचा, असा क्रम मी धरला आहे. यात वेळ जातो, मागे उभं असलेलं गिऱ्हाईक कधी कंटाळून शेजारच्या दुकानात जातं. तरी मी तो क्रम सोडलेला नाही. या पट्ट्यातल्या ज्या माणसांनी ही नाणी जपली त्यांनी लिहून काही ठेवलं नाही. त्यांच्या घरचं जे काही लिहिलेलं उरलं आहे ते या नाण्यांवरच आहे.

आजोबांच्या काळी चांदीचा रुपया हे वजनही होतं. कंपनी सरकारनं १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि १८३५ पासून आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडायला घेतला, तोही १८० ग्रेनचाच. त्यामुळे एक रुपया म्हणजे एक तोळा, आणि तराजूत ऐंशी रुपये टाकले की पक्का शेर. आजच्या मापात तो रुपया ११.६६ ग्रॅम भरतो. आज बाजारात ज्याला तोळा म्हणतात तो मात्र १० ग्रॅमचा. म्हातारी बाई जुन्या हिशेबानं म्हणते, "एक रुपया म्हंजे एक तोळा, हे तं ठरेल हाये." समोरचा घेणारा "हो माय, एकच तोळा" म्हणतो आणि दहा ग्रॅमचे पैसे तिच्या हातावर ठेवतो. दर नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त चांदी तिच्या पदरातून जाते आणि भांडायला जागाच उरत नाही, कारण बोलताना दोघंही एक तोळाच म्हणालेले असतात. असे सौदे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून माझ्या दुकानात काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे असतं आणि आकडा मी मोठ्यानं वाचतो.

इंग्रजी अमलातला १९४० च्या आधीचा रुपया, ज्याला इकडे सगळे कलदार म्हणतात, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. टंच ९१.६६. म्हणजे एका पूर्ण वजनाच्या कलदारात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. किलोला एक लाख रुपये भाव धरला तर तिची किंमत १,०६९ रुपये. २०२५ मध्ये भाव लाखाच्या वर गेला, तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला एवढाच आकडा पाठ करायला सांगतो. भाव जितके लाख, तितक्या पटीनं तो वाढवायचा. अधेली, पावली आणि चवली याच टंचाची, वजन अनुक्रमे निम्मं, पाव आणि अष्टमांश. प्रत्यक्षात पूर्ण वजनाचं नाणं क्वचित येतं. हातोहात फिरून झिजलेला रुपया साडेअकरा, कधी सव्वाअकरा ग्रॅमच भरतो, आणि लहान नाणी जास्त फिरलेली म्हणून जास्त झिजलेली.

व्हिक्टोरिया राणीचे रुपये सगळ्यात जास्त येतात, आणि त्यातही १८६२ सालचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आशा असते. "दीडशे वर्षांच्या वरचा हाये भाऊ, लाखभर तं येतीनच?" त्याला समजावून सांगताना मला दरवेळी थोडं जड जातं. नाणं जुनं असणं वेगळं आणि दुर्मिळ असणं वेगळं. टांकसाळींनी १८६२ हे साल रुपयावर पुढे १८७३ पर्यंत तसंच ठेवलं. त्या सगळ्या वर्षांत पडलेले रुपये, बारा हंगामांचं पीक एकाच पेवात भरावं तसे, एकाच सालाखाली गोळा झाले आहेत. मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून जाणकार त्यांचे गट लावतात, आणि एखादा ठिपक्यांचा मेळ कमी आढळणारा असला तर संग्राहक त्याला वाढीव पैसे देतो. बाकीच्यांना चांदीच्या भावाहून थोडं वर, एवढंच.

पण वऱ्हाडातल्या माणसाला या १८६२ च्या रुपयाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे असं मला वाटतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी आपला कापूस वाट्टेल त्या भावानं उचलला. कापूस बंदराकडे गेला आणि बदल्यात चांदी आली. हे रुपये पडायला लागले ते त्याच वर्षांत. आपल्या घरच्या गाडग्यात ते इतके का, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या कापसात आहे. हे सांगितल्यावर कापसाच्या भावासाठी आयुष्य घालवलेला माणूस नाणं पुन्हा हातात घेऊन बघतो. कोणी तेवढा एक बाजूला काढून ठेवतो. सगळे नाही ठेवत, आणि पेरणीच्या तोंडावर त्यांनी ठेवावा अशी माझी अपेक्षाही नसते.

आमच्या भागाचं खरं वेगळेपण मात्र दुसऱ्या नाण्यात आहे. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या तहानं तो निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्यानं दिला गेला. पलीकडे हदगाव, हिमायतनगर, किनवट हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचाच राहिला. अलीकडे कलदार चालायचा, पलीकडे निजामाचा रुपया, हाली. नदी ओलांडून बाजाराला आलेल्या माणसाला खिशातलं नाणं बदलूनच खरेदी करावी लागे, आणि सराफ त्यावर बट्टा घेई. सरकारी दर १०० कलदारांना ११६ हाली, १० आणे, ८ पै असा होता. तोंडी हिशेबात सहा कलदारांना सात हाली.

हालीवर राजाचा मुखवटा नाही. विसाव्या शतकातल्या हालीवर चारमिनार आहे, भोवती फारसी अक्षरं, आणि हिजरी साल. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेले उस्मान अली खान. फारसी अंक आणि ही अक्षरं मला गावातल्या उर्दू शाळेच्या एका निवृत्त गुरुजींनी शिकवली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते येऊन बसायचे आणि जुन्या पाटीवर अंक काढून दाखवायचे. त्यांचं ते देणं माझ्या धंद्यात रोज वापरात आहे. कारण ही अक्षरं वाचता न येणारे घेणारे हाली पाहिला की नाक मुरडतात. "याचा टंच कोणाले माहीत, अर्धेच पैसे भेटतीन," असं सांगून मोकळे होतात. टंच माहीत असलेलाच आहे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या हालीचं वजन ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. लाखाच्या भावानं ९१४ रुपये. झिजलेला कलदार आणि चांगला हाली काट्यावर जवळजवळ सारखेच भरतात, म्हणून नुसत्या वजनावर भरवसा ठेवला तर एकाचं नुकसान ठरलेलं.

हा हिशेब करताना मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. शंभर कलदारांतली शुद्ध चांदी काढली आणि तेवढीच चांदी भरायला किती हाली लागतात ते पाहिलं, तर उत्तर ११७ च्या जवळ येतं. जुना सरकारी दर पावणेएकशेसतराच्या आसपासच होता. नदीच्या दोन काठांवरच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ज्या दरानं बट्टा सोसला, तो दर धातूतच होता. दोन्ही राज्यं गेली, दोन्ही नाणी चलनातून गेली, आणि माझ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो दर अजून जुळतो.

एकाच गाडग्यात कलदार आणि हाली मिसळून आले की मी घरातल्या मोठ्या बाईला विचारतो, "आजी, तुमचं किंवा सासूबाईंचं माहेर नदीपलीकडचं का?" पुष्कळदा उत्तर हो येतं. लग्नात हाली आंदण म्हणून आलेले असतात. काही घरांची गोष्ट वेगळी असते. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीनं निजामाच्या मुलखातून कितीतरी कुटुंबं वऱ्हाडात आली. उमरखेडला मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांचं शिबिर होतं. रातोरात घर सोडताना माणूस धान्य उचलत नाही, कमरेला बांधता येईल ते उचलतो. अशा घरातले हाली समोर आले की मी भाव सांगण्याआधी त्या घरातल्या तरुण मुलाला जवळ बोलावतो आणि हे नाणं कोणाचं, कुठून आलं, ते आजीला विचार, असं सांगतो. माझ्या देखत त्या गोष्टी पहिल्यांदा सांगितल्या गेल्या आहेत.

वाटणीचे प्रसंग सगळ्यात अवघड. दोन भाऊ आणि एक बहीण आले होते. वडील गेले, मागे नाण्यांचं गाठोडं. घरीच तिघांनी नाणी मोजून सारखी वाटली होती, फक्त पैसे करून द्या म्हणाले. मी तीन ढिगांकडे पाहिलं तर बहिणीच्या वाट्याला आलेले जवळजवळ सगळे रुपये १९४४ आणि १९४५ चे. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. ती नाणी कमी झिजलेली, चकचकीत, म्हणून भावांनी चांगली समजून तिलाच दिली होती. पण १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे. महायुद्धात चांदी पुरेना म्हणून सरकारनं ५० भाग चांदी, ४० तांबं, ५ निकेल आणि ५ जस्त असा मिश्र धातू केला. वजन तेच ११.६६ ग्रॅम, शुद्ध चांदी मात्र ५.८३ ग्रॅम. आधीच्या पंचम जॉर्जच्या रुपयाच्या जवळपास निम्मी. ओळखायचं कसं? साल तर आहेच, शिवाय त्यांची कड वेगळी आहे. जुन्या नाण्याच्या कडेला नुसत्या उभ्या रेघा, १९४० नंतरच्यांच्या कडेला मधोमध खोदलेली सुरक्षेची नक्षी.

तिघांना बसवून मी सगळी नाणी पुन्हा एकत्र केली, साल पाहून वेगळी लावली, प्रत्येक गटाची शुद्ध चांदी कागदावर काढली आणि त्यावरून तीन वाटे पाडले. मोठ्या भावानं कागद दोनदा तपासला आणि म्हणाला, "बाईचं नुकसान झालं असतं अन् आमाले कळलंही नसतं." त्या निम्म्या चांदीच्या नाण्यांची आणखी एक बाजू मी त्यांना सांगितली. ती आल्यावर सरकारनं चांगल्या चांदीचे जुने रुपये परत मागवले. राणीचे रुपये ३१ मार्च १९४१ नंतर चलनातून बाद झाले, पाठोपाठ पुढच्या राजांचे. तरीही राणीचे रुपये आज आपल्या हातात आहेत, म्हणजे या घरातल्या कोणीतरी ते भरले नाहीत. सरकारचा हुकूम आणि धातूचा कस यात त्यांनी धातूवर विश्वास ठेवला, आणि ते बरोबर होते.

आधीच्या महायुद्धातली गोष्टही अशीच आहे. १९१७ च्या अखेरीला सरकारनं एक रुपयाची नोट काढली, कारण रुपयाला चांदी अपुरी पडत होती. १९१८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून आपल्या तिजोरीतले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी इंग्रजांना विकली. त्यानंतरच्या वर्षांचे पंचम जॉर्जचे रुपये आमच्याकडे पुष्कळ येतात.

तांड्यावरच्या बायकांकडून नाणी सुटी येत नाहीत, हारातून येतात. पावल्यांना, अधेल्यांना, रुपयांना कडी डाखून गुंफलेले हार. कडी डाखली की नाणं म्हणून संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत जवळजवळ संपते, आणि डाखाचा टंच कमी असल्यानं मोडीतही थोडी घट धरावी लागते. पण हार अख्खा असेल तर दागिना म्हणून त्याची किंमत मोडीपेक्षा जास्त येऊ शकते. जुने दागिने जमवणारे असतात, त्यांना जुन्या हातचं काम हवं असतं. मुलीच्या मंगळसूत्रासाठी हार मोडायला आलेल्या एका बाईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "याडीनं (आईनं) घातलेला हाये, मोडताना बी जीव जाते." त्या दिवशी तिनं हार परत नेला. नंतर पैशाची सोय झाली का, ते मला माहीत नाही. या धंद्यात पुष्कळ वेळा एवढंच हाती असतं, की माणसानं निर्णय पूर्ण माहितीनं घ्यावा.

एक विनंती मी प्रत्येकाला करतो. दुकानात आणण्याआधी नाणी घासू नका. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, काय काय लावून लोक नाणी लखलखीत करून आणतात. काळपट थर हा मळ वाटतो, पण संग्राहक तोच पाहतो. घासलेल्या नाण्यावर ओरखडे उठतात, केसांची बट, मुकुटाचे मोती सपाट होतात, आणि किंमत परत येत नाही. मोडीला आणायचं असेल तर हरकत नाही, पण ते मोडीचं आहे की नाही हे आधी ठरू द्या.

खरंच जास्त किमतीची नाणी असतात, फक्त ती थोडी. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया त्यातला. राजाच्या अंगावरच्या हाराला हत्तीचं पदक आहे. सोंड आखूड दिसली, लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि १९१२ पासून छाप बदलला. १९३९ चा रुपया त्याहून दुर्मिळ. म्हणूनच १९३८ मधला आठ खरवडून नऊ केलेली नाणी फिरतात. असं नाणं समोर आलं की भिंग लावल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. उलट १९४७ चा वाघाच्या छापाचा रुपया लोक चांदीचा म्हणून आणतात. तो निकेलचा. लोहचुंबक लावला की चिकटतो आणि विषय तिथेच मिटतो.

देवांची चित्रं आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेले तुकडे मात्र कोणत्याही टांकसाळीतून आलेले नाहीत. त्यांच्या नावावर तांदूळ ओढणारं नाणं, गुप्तधनाची चावी, असल्या कहाण्या रचून गरिबाला बुडवलं जातं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. फोनवरची जाहिरातही त्याच जातीची. जुनं नाणं लाखांना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीशी तिचा संबंध नाही आणि अशा व्यवहारासाठी ती कोणाकडून शुल्क मागत नाही. ती बातमी मी काउंटरच्या काचेखाली लावली आहे.

नांगराला लागलेलं गाडगं कोणी आणलं तर मी घेत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं, जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मालक ठरला नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश मिळण्याची तरतूद त्यात आहे. सरकारनं तो साठा स्वतःकडे घ्यायचा ठरवला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असंही त्यात आहे. पाचवा हिस्सा फार थोडा, असं माझं मत आहे. नाण्याला धातूपलीकडे काही किंमत असते हे त्या कायद्यानं मान्य केलं, पण तिचं माप मात्र धातूवरूनच घेतलं. तरी लपवून विकण्यापेक्षा कळवणं शंभरदा बरं. कुठल्या राजवटीचं, कोणत्या टांकसाळीचं नाणं इथे पुरलं होतं, हे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयासारख्या ठिकाणी जाणकारांनी पाहिलं तरच कळेल.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर माणूस शेवटी विचारतो, "मग भाऊ, इकू का ठेवू?" पैशाची खरी निकड असेल तर मी त्याला ठेव म्हणत नाही. क्रम सांगतो. आधी १९४० ते ४५ चे काढा, त्यांच्यात चांदी कमी आणि मागणीही कमी. ते पुरले नाहीत तर साल पुसट झालेले, कडी डाखलेले, घासून गुळगुळीत झालेले. मग १८६२ चे, पण ठिपके पाहून झाल्यावर. हाली शेवटी. आणि प्रत्येक नाण्याचं साल, छाप, वजन मी वहीत उतरवून घेतो, त्याची एक चिठ्ठी गिऱ्हाइकाला देतो, मगच भट्टी पेटवतो.